'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' : एका बनावट दस्तऐवजाचा उगम आणि उलगडा

प्रस्तावना :
साधनांची चिकित्सा ही इतिहासलेखनाची पहिली पायरी होय. ती गाळल्यास केवढा अनर्थ ओढवतो, हे 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' या पुस्तिकेवरून दिसून येते. जगावर सत्ता मिळविण्यासाठी ज्यू पुढाऱ्यांनी गुप्तपणे आखलेल्या कटाचे हे इतिवृत्त आहे, असे भासविण्यात आले. प्रस्तुत लेखात या दस्तऐवजाचा उगम, त्याचा उलगडा आणि त्यानंतरही टिकलेला त्याचा प्रभाव यांचा थोडक्यात विचार केला आहे.

उगम :
हा मजकूर १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या 'झ्नाम्या' या वृत्तपत्रात क्रमशः प्रसिद्ध झाला. त्याचे प्रकाशक पावेल क्रुशेव्हान यांच्याच दुसऱ्या वृत्तपत्राने त्या वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या किशिनेव्ह येथील ज्यूंच्या हत्याकांडाला चिथावणी दिली होती. १९०५ मध्ये सेर्गेई निलुस यांनी तो आपल्या धार्मिक ग्रंथात समाविष्ट केला. त्याचे कर्तृत्व दीर्घकाळ रशियन गुप्त पोलिसांच्या पॅरिस शाखेकडे दिले जाई. अलीकडील काही संशोधकांना मात्र हे मत मान्य नाही. १९१७ च्या क्रांतीनंतर परागंदा झालेल्या रशियनांबरोबर ही पुस्तिका पश्चिमेकडे पोहोचली. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या साप्ताहिकाने १९२० पासून तिचा प्रचार केला. लंडनच्या 'टाइम्स'नेही मे १९२० मध्ये ती गांभीर्याने घेऊन चौकशीची मागणी केली.

उलगडा :
ऑगस्ट १९२१ मध्ये त्याच 'टाइम्स'चे कॉन्स्टँटिनोपल येथील वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्ज यांनी तीन लेखांतून हे बिंग फोडले. एका रशियन निर्वासिताकडून त्यांना एक जुने फ्रेंच पुस्तक मिळाले होते. ते मोरिस जोली यांचे, मॅकियाव्हेली व माँतेस्क्यू यांचा नरकातील संवाद रंगविणारे १८६४ मधील पुस्तक निघाले. तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवरील या उपरोधात ज्यूंच्या कटाचा मागमूसही नाही. या लेखनाबद्दल जोली यांना कारावास भोगावा लागला.

दोन्ही संहिता शेजारी ठेवल्यावर चौर्य उघड झाले. नॉर्मन कोन यांच्या १९६७ मधील ग्रंथानुसार सुमारे दोन पंचमांश मजकूर जोली यांच्यावरून घेतलेला आहे. भारतीय वाचकाला एक खूण विशेष जाणवेल. दोन्हीकडे वृत्तपत्रांना शंभर हातांच्या विष्णूची उपमा दिली आहे. आपल्याला परिचित असलेला विष्णू चतुर्भुज आहे. अशी आगळी उपमा दोन स्वतंत्र लेखकांना सुचणे संभवत नाही. समान स्खलन हे समान मूळ दर्शविते, हे पाठचिकित्सेचे तत्त्व येथे लागू पडते.

उलगड्यानंतर :
१९२७ मध्ये फोर्ड यांनी जाहीर माफी मागितली. १९३५ मध्ये बर्न येथील न्यायालयाने पुस्तिका बनावट व वाङ्मयचौर्य असल्याचा निर्णय दिला. १९३७ मध्ये अपिलात तो फिरला, तो संबंधित कायदा अशा साहित्याला लागू होत नाही या कारणास्तव. पुस्तिका अस्सल ठरली म्हणून नव्हे. दरम्यान हिटलरने आपल्या आत्मचरित्रात, ज्यू तिला खोटे म्हणतात हाच तिच्या खरेपणाचा पुरावा, असा उफराटा तर्क मांडला होता. नाझी राजवटीत तिचा सरकारी पातळीवर प्रसार झाला. पुराव्यालाच कटाचा भाग ठरविणाऱ्या मनापुढे पुरावा निष्प्रभ ठरतो.

निष्कर्ष :
बनावट दस्तऐवज उघडकीस आणण्यास एक वार्ताहर आणि एक जुने पुस्तक पुरेसे ठरले. समाजमनातून तो पुसून टाकणे मात्र साधले नाही. म्हणून 'हे खोटे आहे' एवढेच विद्यार्थ्यांना सांगून भागणार नाही. ते खोटे कसे ओळखले गेले, ही पद्धती त्यांच्या हाती देणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.