चार तासांची कुपी
बाळाचं पहिलं वर्ष : भाग ९

डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय असो, कल्याणचं रुक्मिणीबाई असो की ठाण्यातलं महापालिकेचं एखादं आरोग्य केंद्र, लसीकरणाच्या सकाळी चित्र सारखंच असतं. बाकडी भरलेली, आज्या भिंतीला टेकून उभ्या, आणि आत एक बाळ रडलं की बाहेरची चार सूर लावतात. अशा वेळी नव्या आईबाबांना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, काही लसी ठरावीक वारीच का? रोज दिल्या तर एवढी झुंबड उडणारच नाही.

याचं बरंचसं उत्तर कुपीत आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेला (केंद्रावर सगळे हिला एमआर म्हणतात) या लसी कोरड्या पावडरीच्या रूपात येतात. सिस्टर त्यात द्रावण मिसळतात आणि कुपीवर वेळ लिहितात. तिथून चार तास. या लसींत जंतूंची वाढ रोखणारं द्रव्य नसतं, त्यामुळे चार तासांनंतर उरलेली लस टाकूनच द्यावी लागते. ती टोचली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. बीसीजीच्या एका कुपीत दहा डोस असतात. म्हणून बाळं एका दिवशी गोळा करायची पद्धत पडली. पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी मात्र नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते.

लस आणि मुलांची गर्दी यांचं नातं तसं जुनंच. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वी झालेली ही पहिली लस. तेव्हा साठवणीची सोय नव्हती. तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढच्या मुलांना टोचायची, त्यांच्याकडून आणखी पुढे, अशी साखळी चालवावी लागे. मुलं जमली नाहीत तर लसच संपायची.

आज साठवणीची अडचण राहिलेली नाही, पण गर्दीची आहे, आणि ती गंभीर आहे. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. रोगप्रतिकारशक्ती नसलेली दहा मुलं रुग्णाच्या जवळ आली तर त्यातल्या नऊ जणांना लागण होऊ शकते. २०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवराचा उद्रेक झाला, भिवंडी आणि ठाण्यापर्यंत पोचला, मुलं दगावली. लस न मिळालेली किंवा अर्धवट मिळालेली मुलं त्यात सर्वाधिक भरडली गेली. तेव्हा खोकला, ताप आणि अंगावर पुरळ असलेलं मूल रांगेत बसवू नये, आधी सिस्टरना सांगावं. साध्या सर्दीसाठी मात्र डोस चुकवू नये. महापालिकांनीही वेळ लिहिलेले टोकन द्यावेत आणि आजारी मुलांना वेगळी खोली द्यावी. यासाठी मोठा खर्च येत नाही, आणि एकटंच बाळ आलं तरी कुपी उघडावी. नऊ डोस वाया जाणं परवडतं, ते बाळ परत जाणं परवडत नाही.

कल्याण-डोंबिवलीतल्या घरांची आणखी एक अडचण असते. बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे बीसीजी साताऱ्याला आणि पेंटा डोंबिवलीला. अशा वेळी कार्ड माहेरच्या कपाटात राहतं आणि इथे सिस्टर विचारतात, ‘आधीचे डोस कुठले झाले?’ कार्ड सापडलं नाही तर निदान त्याचा फोटो मोबाइलमध्ये हवा. डोसला उशीर झाला तरी आधीचे डोस फुकट जात नाहीत, कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. ‘आता उशीर झाला, राहू दे’ असं म्हणून थांबणं हीच खरी चूक.

दीड महिन्याच्या भेटीत तीन सुया आणि तोंडावाटे दोन लसी असतात. एकाच वेळी इतकं का, म्हणून आजी घाबरतात. पण या लसी एकत्र देणं सुरक्षित आहे आणि तीन फेऱ्यांऐवजी एक फेरी होते. सुई टोचताना बाळ आईच्या मांडीवर घट्ट धरलेलं असावं. आधी किंवा त्याच वेळी अंगावर पाजलं तर रडणं लवकर थांबतं. नंतर टोचलेली जागा चोळायची नाही. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. औषध किती द्यायचं ते वजनाप्रमाणे सिस्टरच सांगतील. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येते, फुटते, वाळते. तिला हळद लावू नये, काहीच लावू नये.

लस झाली की रिक्षा पकडायची घाई होते. तरी अर्धा तास केंद्रावरच थांबायचं असतं. क्वचित एखाद्या बाळाला तीव्र रिॲक्शन येते, आणि ती बहुतेक वेळा या अर्ध्या तासातच दिसते. तेव्हा औषध आणि सिस्टर दोन्ही हाताशी असतात.

बाळाला नऊ महिने पूर्ण झाले असतील आणि कार्डावरचा एमआरचा रकाना कोरा असेल, तर आजच आपल्या भागातल्या आशाताईंना पुढचा लसीकरणाचा वार विचारा.