सेरेंगेटीचे अफाट मैदान

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात टांझानिया नावाचा देश आहे. तेथील सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात. उद्यान म्हटले, की फुलांचे ताटवे डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु हे उद्यान म्हणजे १४ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेले गवताळ रान होय. क्षितिजापर्यंत गवत डोलत असते. मधूनमधून बाभळीच्या जातीची, छत्रीसारखी पसरट झाडे दिसतात. कोठे खडकांचे उंचवटे असतात व त्यांवर सिंह पहुडलेले असतात. बहुतेक प्रवासी मोटारीतून हे सारे पाहतात.

या रानात दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट राहतात. हा प्राणी कुरंगाच्या कुळातील असला, तरी त्याची शिंगे गायीसारखी असतात व त्याला दाढी असते. वर्षाच्या आरंभी हे कळप दक्षिणेकडील मैदानात चरतात. ज्वालामुखीच्या राखेमुळे तेथील गवत फार सकस असते. तेथेच माद्या विततात. पाऊस संपून मैदान सुकले, की कळप चाऱ्यापाण्याच्या शोधात उत्तरेकडे निघतात. वाटेत मारा नदी लागते. पाण्यात मगरी टपलेल्या असतात. तरीही कळप प्रवाहात उड्या घेतात. कित्येक कळप पुढे केनिया देशात जातात आणि पाऊस परतताच माघारी वळतात.

हे वैभव एकदा नष्टप्राय झाले होते. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांडीची साथ आली. मासाई लोकांची गुरे मेली, लोक उपाशी मेले आणि रानातील विल्डबीस्टही मेले. पुढे विसाव्या शतकात आसपासच्या पाळीव गुरांना लस टोचण्यात आली. गुरांतील रोग हटताच रानातील रोगही ओसरला. १९६१ साली विल्डबीस्ट सुमारे अडीच लाख होते. १९७७ पर्यंत ते १३ लाखांच्या वर गेले. त्यांनी गवत खाल्ल्यामुळे वणवे कमी झाले व कोवळी झाडे वाढू लागली.

१९५१ साली हे उद्यान स्थापन झाले. १९५९ साली मासाई लोकांना आपली तेथील कुरणे सोडून शेजारच्या एन्गोरोंगोरो प्रदेशात जावे लागले. रानाच्या रक्षणासाठी माणसांनी दिलेली ही किंमत विसरता येणार नाही. गाय, गवत, वन्य पशू, वृक्ष आणि मनुष्य ही एकमेकांशी किती जवळून बांधलेली आहेत, हे सेरेंगेटीत स्पष्ट दिसते.