फ्लॉरेन्समधली छत्री आणि व्हिसाच्या फाईलमधला एक कागद

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, पहिल्यांदा युरोपला जायचं तर काय काय बघायचं? आज एकाच शहराबद्दल बोलतो, फ्लॉरेन्स. आणि तिथल्या एका मराठी माणसाबद्दल, जो तिथून परत आलाच नाही.

मी मूळचा वाशीचा. नवी मुंबईतलं नाही हां, धाराशिव जिल्ह्यातलं वाशी. युरोपला चाललोय असं घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "तिकडं काही झालं तर रे?" मी म्हटलं, "काही होत नाही, इन्शुरन्स काढलाय." काढला होता, पण वाचला नव्हता. व्हिसाच्या फाईलला लागतो म्हणून काढलेला कागद.

आता फ्लॉरेन्स. आज इटलीची राजधानी रोम आहे, पण १८६५ ते १८७१ या काळात ती फ्लॉरेन्स होती. त्याच काळात, १८७० साली, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोप बघायला निघाले. शिवाजी महाराजांचे चिरंजीव राजाराम ते वेगळे, हे नंतरचे. वय फक्त २० वर्षं. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारे लोक तेव्हा भरपूर होते. तरी ते गेले. लंडन पाहिलं, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि रोज डायरी लिहिली. आपण इन्स्टावर स्टोरी टाकतो तसंच, फक्त इंग्रजीत आणि सविस्तर. ती डायरी १८७२ मध्ये लंडनला पुस्तक म्हणून छापली गेली. पण तोपर्यंत ते हयात नव्हते.

परतीच्या वाटेवर त्यांची तब्येत बिघडली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये ते वारले.

आता प्रश्न आला अंत्यसंस्काराचा. सोबतच्या लोकांना रीतीप्रमाणे दहन करायचं होतं, तेही नदीकाठी. इटलीत तेव्हा सगळे पुरायचे. मिलानमध्ये आधुनिक दहनगृह सुरू झालं ते १८७६ साली, म्हणजे सहा वर्षांनी. तरीही शहराने परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात तिथं चिता रचली गेली. संगमावर, आपल्याकडं करतात तसंच.

१८७४ मध्ये त्याच जागी छत्री बांधली. छत्री म्हणजे पावसाची नव्हे, राजघराण्यात स्मारकावर बांधतात ती. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, फेटा आणि दागिन्यांसकट. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्यांचाच. १९७८ मध्ये जवळच मोठा पूल झाला, त्याचं नाव 'पोन्ते आल्लिंदियानो'. इंदियानो म्हणजे भारतीय. रोज पुलावरून जाणाऱ्या कित्येकांना हा भारतीय कोण ते माहीतही नसेल, पण नाव तोंडात आहे.

जायचं कसं? सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळून टी-वन ट्राम पकडा आणि 'काशीने' स्टॉपला उतरा. तिथून काशीने पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला जायचंय. नदी डाव्या हाताला ठेवून सरळ चालत राहा. साधारण तीन किलोमीटर आहे, पाऊण तास धरा. तिकीट नाही, रांग नाही. पाण्याची बाटली घ्या.

मी गेलो तेव्हा तिथं एक आजोबा कुत्रं फिरवत होते, बाकी कोणी नाही. मी पुतळ्यासमोर उभा राहिलो आणि आईचा प्रश्न आठवला. महाराजांसोबत अधिकारी होते, नोकर होते. माझ्यासोबत पाठीवरची बॅग.

रात्री रूमवर आल्यावर पॉलिसीची पीडीएफ पहिल्यांदा नीट वाचली. म्हणून तुम्हालाही सांगतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात तातडीचे उपचार, हॉस्पिटल आणि उपचारासाठी मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला असतो. आणि मृत्यू झाला तर पार्थिव परत आणण्याचा खर्चही. वाचायला नको वाटतं, पण वाचा. तीन गोष्टी बघा: तारखा प्रवासाच्या दोन्ही टोकांना पुरतात का, आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय, आणि चोवीस तासांचा हेल्पलाईन नंबर कुठला. तो नंबर फक्त आपल्या मोबाईलमध्ये ठेवू नका. घरच्या एका माणसाकडं पॉलिसी आणि पासपोर्टची कॉपी हवीच, कारण गरज पडेल तेव्हा फोन आपल्या हातात असेलच असं नाही.

मी त्याच रात्री पीडीएफ आईला व्हॉट्सॲप केली आणि छत्रीचा फोटोही पाठवला. तिचा रिप्लाय आला, "हे आपलेच का रे?"

म्हटलं, हो, आपलेच.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या पॉलिसीत काय सापडलं ते कळवा!