रक्तातील मेदाचे प्रमाण आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार : एक विवेचन

प्रस्तावना :
पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा या नावांनी ओळखला जाणारा आजार हा मूलतः मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार होय. कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध सर्वपरिचित आहे. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र तो इतका सरळ नाही. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ४५ पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे साडेचार लाख व्यक्ती व १३ हजार पक्षाघात यांचा विचार होता. एकूण कोलेस्टेरॉल आणि पक्षाघात यांच्यात त्यात ठळक संबंध आढळला नाही. असे असेल, तर कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध पक्षाघाताच्या रुग्णास का दिले जाते? या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मेदाचे वहन :
मेद पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे तो प्रथिनांशी संयोग पावून लायपोप्रोटीन कणांच्या रूपाने रक्तातून वाहतो. एलडीएल हे कण पेशींना कोलेस्टेरॉल पुरवितात, तर एचडीएल कण जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. रक्त तपासणीच्या अहवालातील एलडीएलचा आकडा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून तो काढला जातो. फ्रीडवाल्ड यांचे हे सूत्र १९७२ सालचे असून ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) वर गेल्यास ते ग्राह्य धरले जात नाही.

विकाराचे दोन प्रकार :
पहिल्या प्रकारात रक्तवाहिनी बंद होते. मानेतील कॅरोटिड धमनी जेथे दुभंगते, तेथे एलडीएल कण भिंतीत शिरतात, त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यांना गिळणाऱ्या पेशी मेदाने फुगतात. अशा रीतीने मेदाचा थर तयार होतो. हा थर फुटला की त्यावर गुठळी धरते आणि तिचा तुकडा मेंदूतील धमनीत अडकतो. अर्थात, गुठळी कधी अनियमित ठोके पडणाऱ्या हृदयातूनही येते; तेथे मेदाचा वाटा गौण असतो.

दुसऱ्या प्रकारात रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. याचे प्रमुख कारण उच्च रक्तदाब हे आहे. अमेरिकेतील सुमारे साडेतीन लाख पुरुषांच्या सहा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल वाढत गेले तसे पहिल्या प्रकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. याउलट, १६० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल असणाऱ्यांत मेंदूतील रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे तिप्पट होते. मात्र हा धोका ज्यांचा खालचा रक्तदाब ९० किंवा अधिक होता, त्यांच्यापुरताच मर्यादित होता. दोन्ही प्रकार एकाच बेरजेत घातले की हे विरुद्ध कल एकमेकांना झाकून टाकतात. विसंगतीचे मूळ प्रामुख्याने येथे आहे.

उपचारांचा पुरावा :
२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पार्कल’ चाचणीत पूर्वी पक्षाघात किंवा मेंदूचा तात्पुरता झटका येऊन गेलेले ४७३१ रुग्ण होते. सुमारे पाच वर्षांत ॲटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ११.२ टक्के, तर औषधी द्रव्य नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १३.१ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला. रक्तस्रावाच्या घटना मात्र ३३ वरून ५५ झाल्या. म्हणजे एकूण लाभ स्पष्ट आहे, तथापि तो सर्वस्वी निर्धोक नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत, मेदाच्या थराचा पुरावा असलेल्या रुग्णांचे एलडीएल ९० ते ११० दरम्यान ठेवण्याऐवजी ७० च्या खाली आणल्यावर हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचे प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मेदाचा आकडा एकटा वाचून चालत नाही. पक्षाघात कोणत्या प्रकारचा होता, हे सीटी स्कॅनवरून ठरते. रक्तदाब किती आहे, हे पाहावे लागते. आणि मगच त्या आकड्याला अर्थ प्राप्त होतो. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून स्वतःहून गोळी बंद करणे, ही सुशिक्षितांतही आढळणारी चूक आहे. तो आकडा बहुधा गोळीमुळेच खाली आलेला असतो आणि ती थांबताच काही आठवड्यांत पुन्हा वर जातो. औषध चालू ठेवावे की बदलावे, हा निर्णय डॉक्टरांशी विचारविनिमय करूनच व्हावा. रक्तदाबाची नियमित तपासणी मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच आवश्यक आहे.