पाळीव कुत्र्यास दुसऱ्या कुत्र्याने चावा घेतल्यास

खेड्यातील पाळीव कुत्रे बहुधा मोकळेच असते. रात्री ते गोठ्यापाशी वा खळ्यावर राखण करते, सकाळी मुलांच्या मागोमाग शाळेच्या फाटकापर्यंत येते आणि मधल्या सुट्टीत पुन्हा हजर होते. पोषण आहाराचे खरकटे जेथे पडते, तेथे गावातील बेवारस कुत्रीही जमतात. त्यामुळे कुत्र्यांची झुंज लागण्याचे ठिकाण पुष्कळदा शाळेचे आवारच ठरते. जखमी झालेले कुत्रे कोणा विद्यार्थ्याचे असते. तो रडत धावतो, त्यास कवेत घेतो, सदऱ्याच्या बाहीने रक्त पुसतो. अशा वेळी जवळ असलेले जाणते माणूस म्हणजे शिक्षक. यास्तव पुढील माहिती त्याच्यापाशी असणे अगत्याचे आहे.

झुंज चालू असता प्रथम मुलांस वर्गात घेऊन दार लावावे. दोन कुत्र्यांच्या मध्ये हात घालणाऱ्याचा हातच आधी फाटतो, आणि काठीने बडवल्यास चवताळलेले जनावर मारणाऱ्याकडे वळते. बादलीभर पाणी अंगावर ओतावे, रिकामा डबा जोराने वाजवावा, किंवा दुरून पोते अगर घोंगडी टाकावी. एवढ्याने बहुतेक झुंजी सुटतात.

त्यानंतरचा क्षण अधिक जोखमीचा असतो. वेदनेने व्याकूळ झालेले कुत्रे आपल्या धन्यासही ओळखीत नाही. म्हणून त्यास मुलाने उचलू नये; घरच्या मोठ्या माणसाने हलक्या आवाजात बोलत जवळ जावे. हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्या. कापडाच्या लांब पट्टीचा फास त्याच्या तोंडाभोवती घेऊन, हनुवटीखाली फिरवून, टोके कानांमागे बांधावी. मात्र त्यास धाप लागली असेल, ओकारी येत असेल किंवा तोंडालाच जखम असेल, तर तोंड बांधू नये.

चाव्याच्या जखमेचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावयास हवे. वरून दिसते ते केवळ सुळ्याचे लहानसे भोक. परंतु चावणारे कुत्रे मान झटकते, त्यामुळे आतील कातडी स्नायूपासून सुटते आणि पोकळी होते. त्या पोकळीत लाळेतील जंतू, केस व माती कोंडली जाते. वरचे भोक दोन दिवसांत मिटते, घरच्यांस बरे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेथे पू होऊन सूज येते. म्हणून जखम लहान दिसली तरी ती पशुवैद्यास दाखवावी. रक्त भळभळा वाहत असल्यास स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे व वारंवार उचलून पाहू नये. रक्त थांबलेले असल्यास जखमेभोवतीचे केस कातरून ती साबण व भरपूर पाण्याने धुवावी. चुना, तंबाखू, मिरचीची पूड, रॉकेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. हळददेखील नको, कारण तिचा थर बसला की आत काय चालले आहे ते कळत नाही. माणसांच्या दुखण्यावरील गोळी देऊ नये. अशा काही गोळ्या कुत्र्यास विषासमान ठरतात. छातीवर वा पोटावर चावा असेल, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, श्वास उथळ चालत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता फळीवर वा घोंगडीत घालून त्यास दवाखान्यात न्यावे. राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवण्यास हरकत नाही. जखमेवर माश्या बसू देऊ नयेत, नाहीतर अळ्या पडतात.

येथवर झाले ते कुत्र्याविषयी. परंतु या प्रसंगातील खरे भय निराळेच आहे, आणि ते मुलाविषयीचे आहे. चावणारे कुत्रे पिसाळलेले असल्यास त्याच्या लाळेत अलर्क म्हणजेच रेबीज रोगाचे विषाणू असतात. ती लाळ घरच्या कुत्र्याच्या केसांवर व जखमेत लागलेली असते, आणि त्यास कवेत घेणाऱ्या मुलाच्या हातावर खरचटलेले असते. कुत्र्याने मुलास चावले नाही, म्हणून मुलगा सुरक्षित आहे असा तर्क येथे लागू पडत नाही. ओरखडा, फुटलेली कातडी, डोळे व ओठ यांतूनही हे विषाणू शरीरात शिरू शकतात. शिरल्यावर ते मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. या प्रवासास सामान्यतः एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा तर कधी वर्षही. रोगाची लक्षणे एकदा प्रकट झाली म्हणजे रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. उपाय करण्याचा काळ लक्षणांपूर्वीचाच होय.

पहिला उपाय शाळेतच आहे. हातपंपाच्या वाहत्या धारेखाली, साध्या साबणाने, पंधरा मिनिटे घड्याळ लावून तो भाग धुवावा. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते आणि साबण नेमके तेच विरघळवतो. पंधरा मिनिटे हा फार दीर्घ काळ वाटतो. दोन मिनिटांत मुलगा कंटाळतो. शिक्षकाने उभे राहूनच हे करवून घ्यावे. नंतर त्याच दिवशी पालकासह त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती अजून वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. ती मेंढ्यांच्या मज्जापेशींपासून केलेली जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता लस दंडात टोचतात: कातडीत द्यावयाची असल्यास पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून पुढे तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत दिल्यास चौदावा दिवसही येतो. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळते. जखम खोल असल्यास तिच्या भोवती तयार प्रतिपिंडेही टोचावी लागतात. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम ही लस टोचली आणि तो जगला. वर्गात सांगण्याजोगी ही हकीकत आहे. दुर्दैवाने दोन सुया झाल्या की ‘आता बरा आहे’ म्हणून उरलेल्या टाळणारे पालक आढळतात. उरलेल्या तारखा हजेरीपत्रकावर पेन्सिलीने मांडून ठेवल्यास मुलास आठवण करता येते.

घरच्या कुत्र्यासही लस हवी. त्यास पूर्वी नियमित लस दिलेली असेल तर त्वरित पुन्हा एक मात्रा देतात. दिलेली नसेल तर साधारणतः ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी मालिका पुरी करतात. त्या काळात आणि पुढेही पशुवैद्य सांगेल तितके महिने त्यास मुलांपासून निराळे बांधावे.

चावणाऱ्या कुत्र्याचे काय करावे, या बाबतीत गावाची पहिली इच्छा त्यास ठेचून मारण्याची असते. हे करू नये. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहेच. पण त्याहून व्यवहाराचे कारण असे की, कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या थोडेच दिवस आधी येतात. म्हणून चावा घेतल्यापासून दहा दिवस ते कुत्रे धडधाकट राहिले, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे खात्रीने म्हणता येते. मारून टाकले की हा पुरावा नाहीसा होतो, आणि डोके ठेचल्यास मेंदूची तपासणीही होत नाही. ते कोणाचे आहे, त्यास लस दिली आहे काय, हे विचारून ग्रामपंचायतीमार्फत त्यास बांधून घालवावे किंवा निदान दुरून रोज पाहावे. मुलाची लस मात्र या दहा दिवसांसाठी थांबवू नये.

‘पाणी प्याले, म्हणजे पिसाळलेले नाही,’ ही समजूत सर्वत्र ऐकू येते. ती चुकीची आहे. पाण्याचे भय माणसास होते; पिसाळलेले कुत्रे पाण्यात तोंड घालते, फक्त त्यास गिळता येत नाही. आवाज बदलणे, जबडा लोंबणे, लाळ गळणे, मागचे पाय लटपटणे, कारणावाचून जे दिसेल त्यास चावणे ही खरी लक्षणे होत. काही कुत्री मुळीच चवताळत नाहीत, अंधाऱ्या कोपऱ्यात मुकाट पडून राहतात. मुले अशांनाच आजारी समजून भाकरी भरवावयास जातात. तीच गत जनावरांची. चावलेल्या गाईस महिना-दोन महिन्यांनी लाळ सुटली, की घशात काही अडकले असेल म्हणून शेतकरी तिच्या तोंडात हात घालतो.

मुले या गोष्टी घरी लपवतात. मार बसेल, कुत्रे हाकलून देतील, सुई टोचतील, ही त्यांची कारणे असतात. गावात झुंज झाल्याचे कानी आले, की दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर वर्गास सहज विचारावे: कोणी त्या कुत्र्यास हात लावला? कोणाच्या हाताला खरचटले आहे? आवाजात दटावणी नसावी. पहिल्यांदा कोणी बोलणार नाही. मधल्या सुट्टीत एखादा मुलगा हात पाठीमागे धरून टेबलापाशी येईल.