ताडाची कोय केव्हा जागी होते?

बी पेरले, पाणी घातले की रोप उगवते, असे आपण धरून चालतो. ज्वारी-हरभऱ्याच्या बाबतीत ते खरेही आहे. ताडकुळातील झाडे मात्र हा नियम जुमानत नाहीत. काहींच्या बिया भिजूनही महिनोन् महिने निजून राहतात, तर काहींच्या बिया वाळल्या की कायमच्या संपतात. हैदराबादबाहेर तलावांच्या बांधांवर उभे असलेले ताड पाहिले की मला हे कोडे नेहमी आठवते. तेलुगूत ‘ताटि’ आणि कन्नडात ‘ताळे’ म्हणतात, तेच हे झाड.

प्रथम बीची रचना पाहू. ताडवर्गातील बी मोठे दिसले, तरी आतील भ्रूण अगदी लहान असतो. त्याच्याभोवती भ्रूणपोषाचा साठा, वर टणक कवच आणि भ्रूणाच्या तोंडाशी झाकणासारखा भाग असतो. पाणी आत शिरले तरी झाकण ढकलण्याएवढे बळ त्या इवल्या भ्रूणात यावे लागते. ब्राझीलमधील माकाउबा या ताडजातीच्या बियांचे झाकण शास्त्रज्ञांनी हलकेच काढले, तेव्हा एरवी रखडणाऱ्या बिया लवकर उगवल्या. अडचण पाण्याची नव्हती, दार उघडण्याची होती.

ओल किती, यालाही महत्त्व आहे. पामतेल देणाऱ्या तेलताडाचे उदाहरण घ्या. तेलंगणात अश्वारावपेटच्या परिसरात त्याच्या बागा आहेत आणि आंध्रात एलुरूजवळ पेदवेगी येथे त्यावरील राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. त्याचे बी नुसते भिजवून ठेवले तर फार सावकाश आणि मागेपुढे उगवते. म्हणून बियांतील ओलावा सुमारे १८ टक्के राखून त्यांना ३९-४० अंश सेल्सियस उष्णतेत ४० ते ८० दिवस ठेवतात. एवढ्या ओलीत बी जिवंत राहते, उष्णतेने त्याची सुप्तावस्था सुटते. पण कोंब काढण्यास पाणी पुरत नाही. मग बिया पुन्हा भिजवून ओलावा २२ टक्क्यांच्या आसपास नेतात व उष्णता कमी करतात. थोड्याच दिवसांत बहुतेक बिया कोंब काढतात. जागे होणे आणि उठून चालू लागणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे यावरून कळते.

सुपारीचे याच्या उलट. तिचे बी वाळवून साठवता येत नाही; म्हणून रोपासाठी पिकलेली फळे सालीसकट लगेच पेरतात. नारळही रोपासाठी निवडताना हलवून पाहतात. आत पाणी वाजत नसेल तर तो बाजूला टाकतात.

आपला ताड आणखी हुशार. त्याची कोय जमिनीवर पडते, पण कोंब वर न येता एका नळीसारख्या देठातून भ्रूणच खोल मातीत उतरतो, कधी कधी जवळजवळ मीटरभर. आपल्याकडे पहिला पाऊस पडून गेला की पुन्हा कडक ऊन पडते आणि वरची माती कोरडी होते. त्या वेळी खालची ओल ताडाच्या रोपाला तारते. हिवाळ्यात हैदराबादच्या रस्त्यांवर ‘तेगलु’ म्हणून विकले जातात, ते हेच जमिनीतले कोंब. कोंब आलेल्या नारळातला गोड, भुसभुशीत गोळा आपण आवडीने खातो. तसाच गोळा ताडाच्या कोयीतही तयार होतो. साठवलेले अन्न शोषून रोपाला देणे हे त्याचे काम.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. २०१५ साली सुरू झालेल्या ‘हरितहारम्’ कार्यक्रमात ताड-शिंदीच्या लागवडीलाही स्थान मिळाले, कारण ताडीवर गौड समाजातील अनेक कुटुंबांचे पोट आहे. परंतु खोल गेलेला ताडाचा कोंब उपटून दुसरीकडे लावणे कठीण. कोय जागेवरच पुरलेली बरी. हे न जाणता लावलेले रोप वाळले, तर दोष पावसाला दिला जाईल आणि लागवडीचे एक वर्ष वाया जाईल. ताडी देण्याजोगा होण्यास ताडाला दहा-पंधरा वर्षे सहज लागतात. तेव्हा ते एक वर्ष वाचवण्यासाठी कोयीचा स्वभाव आधी ओळखणे आपल्याच हिताचे आहे.