गळा डोक्यातून जाईना? दोष शेवटच्या ओळीचा!

महिनाभर खपून विणलेला स्वेटर बाळाच्या डोक्यातून उतरत नाही, तेव्हा सारी मेहनत पाण्यात गेली असे वाटते. पण बहुतेक वेळा चूक असते ती फक्त शेवटचे टाके बंद करण्यात.

असे दृश्य डोळ्यांपुढे आणा. चेन्नईजवळच्या ओरगडम येथील एक भाड्याचे घर. मुलगा इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचे ठरवले आहे. साताऱ्याहून आलेल्या आजीने दीड वर्षाच्या नातवासाठी निळ्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. पंख्याखाली बसून, घामेजलेले हात पदराला पुसत तिने महिनाभरात तो पूर्ण केला. विमानाला चार दिवस उरले असताना सून बाळाला स्वेटर घालून पाहते. बाह्या बरोबर, लांबी बरोबर, पण गळा कानांपाशी येऊन अडकतो. बाळ रडून घर डोक्यावर घेते.

"आई, गळा डोक्यातून जातच नाही हो."

"अगं, टाके तर मी दोनदा मोजले होते!"

आजी स्वेटर हातात घेऊन गप्प बसून राहते. आता एवढ्या दिवसांत नवा कुठून होणार?

असा प्रसंग कितीतरी घरांत येतो. कुठे मोजा टाचेवरून चढत नाही, कुठे टोपी कपाळावर लाल वळ उठवते, कुठे बाहीची पट्टी मनगटात रुतते. मग तो कपडा कपाटात जातो आणि विणणारी बाई मनातल्या मनात खट्टू होते. खरे तर स्वेटर बिघडलेला नसतो. बिघडलेली असते ती एक ओळ, आणि ती तासाभरात सुधारता येते.

उकाड्याच्या गावात लोकर कशाला?

ओरगडम हे श्रीपेरुंबुदूरजवळचे गाव वाहन उद्योगामुळे नावारूपाला आले. येथे २०१० मध्ये रेनो-निसानचा, २०१२ मध्ये डेमलरच्या ट्रकचा आणि २०१३ मध्ये रॉयल एनफील्डचा कारखाना सुरू झाला. पुणे, चाकण, नाशिककडे याच उद्योगात काम करणाऱ्या घरांना अशा गावी बदली होणे नवे नाही. चेन्नईच्या परिसरात जानेवारीतही रात्रीचा पारा साधारण वीस अंशांच्या आसपास असतो. इथे अंगावर स्वेटर लागत नाही. पण मुले-नातवंडे दिल्लीला, युरोपला, अमेरिकेला जातात आणि आजीच्या हातची ऊब त्यांच्या सामानातून जाते.

शिवाय, उष्ण हवेतल्या माणसांना लोकरीची हौस नसते असे मुळीच नाही. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईतच 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या महिलांच्या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण तयार करून जागतिक विक्रम केला होता. विणकामाच्या सुयांचेही तामिळनाडूशी जुने नाते आहे. 'पोनी' छापाच्या सुया बनवणारी नीडल इंडस्ट्रीज (इंडिया) ही कंपनी १९४९ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना नीलगिरीतील केट्टी येथे उभा राहिला.

क्रोशात आकडीवर एका वेळी बहुधा एकच टाका उरतो, त्यामुळे शेवटी दोरा ओढून घेतला की काम संपते. दोन सुयांच्या विणकामात मात्र शंभर-शंभर टाके सुईवर उघडे असतात. ते एकेक करून बंद करावे लागतात आणि घोटाळा होतो तो इथेच.

काठ का आवळतो?

विणलेल्या कापडात दोरा सरळ जात नाही, वळणे घेत जातो. कापड ओढले की ही वळणे सरळ होतात आणि कापड रुंदावते. एक सुलट एक उलट अशा पट्टीत तर टाके पुढे-मागे दुमडलेले असतात, म्हणून ती सर्वांत जास्त ताणते.

नेहमीच्या पद्धतीत दोन टाके विणून पहिला दुसऱ्यावरून ओलांडून सोडला जातो. त्यामुळे काठावर एक साखळी तयार होते. या साखळीच्या प्रत्येक कडीला मोजकाच दोरा मिळतो. खालचे कापड ताणायला तयार असते, पण साखळीजवळ देण्याजोगा दोराच नसतो. उपाय यातूनच दिसतो. काठाला लवचीक करायचे म्हणजे प्रत्येक टाक्यामागे थोडा जास्त दोरा द्यायचा. पुढच्या साऱ्या पद्धती याच तत्त्वावर चालतात.

बाळाच्या कपड्यात हे फार महत्त्वाचे, कारण वर्षभराच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४६ सेंटीमीटर असतो आणि मान त्याच्या जवळजवळ निम्मी. गळा मानेशी नीट बसायला हवा आणि डोक्यावरून जाताना दुप्पट व्हायला हवा. नुसते सैल टाके घालून हे साधत नाही, मग गळा लोंबतो.

पाच पद्धती

१. जाड सुई : सर्वांत सोपा उपाय. पट्टी ११ नंबरच्या सुयांवर विणली असेल, तर बंद करताना उजव्या हातात ९ किंवा ८ नंबरची सुई घ्या. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत आकडा जितका लहान तितकी सुई जाड, हे ध्यानात असू द्या. ११ नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, तर ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. बाहीच्या पट्टीला एवढे पुरते, लहान मुलाच्या गळ्याला मात्र अनेकदा पुरत नाही.

२. दोन-दोन एकत्र : दोन टाके मागच्या बाजूने सुई घालून एकत्र सुलट विणा. उजव्या सुईवर आलेला टाका पुन्हा डाव्या सुईवर घ्या. तो आणि पुढचा टाका पुन्हा तसेच एकत्र विणा. शेवटपर्यंत हेच करत जा. टाका परत घेताना दोरा ओढू नका. शाल, स्कार्फ, जाळीची वीण यांच्या काठाला ही पद्धत शोभून दिसते.

३. वेढा देऊन : अमेरिकेतील जेनी स्टायमन यांची ही पद्धत २००९ मध्ये 'निटी' या विणकामाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या विणणाऱ्यांनी ती उचलली. हिच्यात प्रत्येक टाक्याआधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा असतो. पुढचा टाका सुलट असेल, तर दोरा मागून सुईवरून पुढे आणा आणि सुईखालून पुन्हा मागे न्या. हा नेहमीच्या उलट दिशेचा वेढा झाला. आता टाका सुलट विणा आणि वेढा त्याच्यावरून ओलांडून सोडा. पुढचा टाका उलट असेल, तर दोरा पुढून सुईवरून मागे न्या आणि सुयांच्या मधून पुन्हा पुढे आणा. टाका उलट विणा आणि वेढा त्याच्यावरून सोडा. असे दोन टाके उजव्या सुईवर झाले, की पहिला दुसऱ्यावरून नेहमीप्रमाणे सोडा. वेढ्यामुळे प्रत्येक टाक्याला जादा दोरा मिळतो. लहान मुलांचे गळे, पंजाकडून वर विणलेल्या मोज्यांचे तोंड आणि टोपीची कड यांना ही पद्धत उत्तम.

४. शिवून बंद : विणकामाच्या प्रसिद्ध शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. काठाच्या रुंदीच्या तिपटीहून थोडा अधिक दोरा ठेवून तोडा आणि तो बोथट टोकाच्या जाड सुईत ओवा. सुई पहिल्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे घाला, दोरा ओढा, टाके सुईवरच राहू द्या. मग पहिल्या टाक्यातून डावीकडून उजवीकडे सुई काढा, दोरा ओढा आणि तो टाका सोडा. पुन्हा पुढचे दोन, पुन्हा पहिला. काठ मऊ होतो, अंगाला रुतत नाही. सगळ्या ओळी सुलट विणलेल्या कापडाला तो फार छान दिसतो. लांब काठाला मात्र दोरा सारखा ओढावा लागतो, तेवढा कंटाळा सोसावा लागतो.

५. गोल काठ : एक सुलट एक उलट पट्टीसाठी. शेवटच्या दोन ओळींत समोर येणारा सुलट टाका विणा आणि उलट टाका दोरा पुढे ठेवून न विणता उचला. मग सुलट टाके एका सुईवर, उलट टाके दुसऱ्या सुईवर घेऊन दोन्ही ओळी बोथट सुईने टाक्याला टाका जोडत शिवा. काठावर साखळी दिसत नाही, पट्टी जणू आतल्या बाजूला वळून जाते. तयार कपड्यासारखी सफाई येते, पण घाईच्या वेळी हिच्या वाटेला जाऊ नये.

कुठे कोणती?

काठ ताणायचा असेल तिथेच तो लवचीक करा. खांद्याची जोड, खिशाचे तोंड, काजे-बटणांची पट्टी, पिशवीचे बंद यांना नेहमीचीच घट्ट पद्धत हवी. खांद्याला लवचीक काठ दिला, तर स्वेटर स्वतःच्याच वजनाने ओघळतो. वेढ्याची पद्धत साध्या सपाट विणीवर वापरली, तर काठाला लाटा पडतात. ती पट्टीसाठीच राखून ठेवा.

लोकरीचाही विचार करावा. खरी लोकर ताणून सोडली की परत येते. सुती दोरा तसा परतत नाही, म्हणून सुती कपड्याला अति सैल काठ देऊ नये. अॅक्रिलिकच्या पट्टीवर गरम इस्त्री कधीही दाबू नये. उष्णतेने तिची उसळी कायमची जाते आणि मग कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही.

दमट हवेत हाताला घाम येतो, दोरा बोटांना चिकटतो आणि नकळत टाके आवळले जातात. अशा वेळी हात धुऊन, कोरडे करून बसा. शेवटची ओळ दमलेल्या हातांनी रात्री उरकण्यापेक्षा सकाळी करा.

नमुना आधी करा : त्याच लोकरीचे २४ टाके घालून दहा ओळी पट्टी विणा आणि निवडलेल्या पद्धतीने बंद करा. दोन्ही हातांनी कापड पूर्ण ताणा. कापड ताणायचे थांबण्याआधीच काठ कडक झाला, तर पद्धत बदला. दहा मिनिटांचा हा नमुना महिन्याचे श्रम वाचवतो.

झालेली चूक सुधारता येते

पुन्हा त्या आजीकडे वळू. आधी पाहायचे ते हे, की आवळते नेमके कुठे? गळा दोन्ही हातांनी ताणावा. वरचा काठ तारेसारखा ताठ आणि खालची पट्टी ढिली राहत असेल, तर दोष बंद करण्यात आहे. पण पट्टी जिथून सुरू होते ती जोड ताठ होत असेल, तर गळ्याचे मधले टाके आधी घट्ट बंद करून त्यांवरून पट्टी उचलली आहे, आणि मग संपूर्ण पट्टी उसवावी लागते. पुढच्या वेळी ते टाके बंद न करता दुसऱ्या दोऱ्यावर उघडेच ठेवावेत.

आजीच्या स्वेटरचा काठच ताठ होता. अशा वेळी बंद करताना जिथे शेवट केला ते टोक शोधायचे. आत लपवलेला दोरा हलकेच बाहेर काढायचा. मग साखळी एकेक कडी करून उसवायची आणि मोकळा होणारा प्रत्येक टाका बारीक सुईवर उचलायचा. सुईवर सारे टाके आले की मोजून पाहायचे, पीळ पडलेला टाका सरळ करायचा. आता वेढ्याच्या पद्धतीला लागणारा जास्तीचा दोरा त्याच लोकरीतून जोडून घ्यायचा. जोडाची आणि शेवटची टोके आतल्या बाजूने पट्टीच्या रेषेत, चार-पाच सेंटीमीटर ओवून पक्की करायची. बाळाच्या कपड्यात सुटा दोरा कधीही राहू देऊ नये, कारण तो बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. घट्ट गळा जबरदस्तीने डोक्यातून ओढणे तर मुळीच नको. एकदा घाबरलेले मूल पुढे स्वेटर पाहिला तरी रडते.

दुपारी सून एकेक कडी उसवते, आजी चष्मा लावून टाके उचलते. संध्याकाळी मुलगा कामावरून येतो तेव्हा शेवटचा टाका बंद होत असतो. बाळाला मांडीवर घेऊन सून गळा दोन्ही हातांनी रुंद करते. तो कानांवरून सहज खाली उतरतो आणि मानेशी पुन्हा जवळ येतो. बाळ रडत नाही. स्वेटरच्या पट्टीला बोटांनी धरून ओढून पाहते, एवढेच.

"अगंबाई, महिनाभराचं काम एका ओळीसाठी अडलं होतं," आजी म्हणते आणि सुया पुन्हा पिशवीत ठेवते. मग काहीतरी आठवून एक जोडी बाहेर काढते. उरलेल्या निळ्या लोकरीत टोपी बसेल. चार दिवसांपैकी अजून तीन शिल्लक आहेत.